ऑइल खाणारी गाडी

कोकिळानं किक मारली आणि अंगणभर निळसर धूर पसरला. वाळत घातलेल्या मिरच्यांवरून तो सावकाश ओट्याकडे सरकला. ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाइकानं रुमालानं नाक झाकलं, खोकला आणि हसला. भाव पाडायची संधी आयती चालून आली की माणूस जसा हसतो, तसा.

"पाहा," भागवत म्हणाला. "मी सांगतलंच होतं. ऑइल खाते गाडी. जितकं टाका तितकं कमीच."

भागवत कोकिळाचा धाकटा दीर. गिऱ्हाईक त्यानंच खामगावहून बोलावलं होतं आणि ही बातमी वहिनीला आज सकाळी चहाबरोबर मिळाली होती. मोटारसायकल तिच्या नवऱ्याची, निवृत्तीची. निवृत्ती गेल्यापासून ती कोकिळाच चालवत होती. वावर गावापासून, उंद्रीपासून लांब, तिकडे बस जात नाही. चिखलीच्या बाजारात वांगी न्यायची तर मागे क्रेट बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. गाडी गेली की वावर करणं तिला जमणार नव्हतं, आणि मग ते बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, भागवतकडे जाणार, हे घरात कुणी न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. भागवत वाईट माणूस नव्हता. वहिनीनं आता घरात बसावं, लागेल ते मागावं, आपण देऊ, एवढंच त्याचं म्हणणं. अशा देणाऱ्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं. तरी कोकिळा भांडायला उभी राहिली.

"गाडी इकायची नाही."

"काऊन? मिस्तरी बोलला ना, रिंगा गेल्या म्हणून. इंजिन सारं खोला लागते म्हणे."

"मिस्तरीनं धूर पाह्यला. इंजिन कुठं पाह्यलं?"

"मंग तुम्ही पाह्यता का?" भागवतनं गिऱ्हाइकाकडे पाहून डोळा मिचकावला.

"हाव. मी पाह्यते. आन गाडी धड निघाली तर?"

"धड निघाली तं चालवा जनमभर. मी एक शब्द बोलणार नाही."

दारात सुपात तूर निवडत बसलेल्या झुंबरबाईंनी मान वर केली. भागवतची आई, कोकिळाची सासू. दिवसाकाठी मोजके शब्द बोलायच्या.

"ऐकलं रे मी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

निवृत्ती गाडीचं बारीकसारीक काम घरीच करायचा आणि कोकिळा बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची. त्याला हाताबरोबर तोंडही चालवायची सवय होती. चढावर धूर काढला तर रिंग. सकाळच्या पहिल्या किकला काढून मग थांबला तर सील. तिनं कधी मुद्दाम ऐकलं नव्हतं, पण एवढी वर्षं उजेड धरल्यावर काहीतरी डोक्यात शिरतंच. आता तिनं गाडीवर पाळत ठेवली. आजारी जनावराचं शेण पाहावं तशी ती जाता-येता मागे वळून धूर पाहायची.

धुराचा काही मेळ बसेना. एखाद्या दिवशी सपाट रस्त्यावर गाडी धुराडं व्हायची, तर एखाद्या दिवशी वावराजवळचा चढ गपगुमान चढून जायची. रिंग म्हणावी तर तशी नाही, सील म्हणावं तर तसंही नाही. मग शेजारचा गोकुळ हीच गाडी घेऊन देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला गेला आणि परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मागचं काहीच दिसेना इतका धूर झाला. कोकिळाला एकदम आठवलं: मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. कुणी गाडी नेली, की ती परत आल्यावर धुमसते.

पोट्टे गाडीची वाट लावून आणतात, असंच तिला वाटलं. निवृत्तीच्या काळापासून गाडीची चावी दाराबाहेरच्या खुंटीवर असायची. ज्याला लागेल त्यानं न्यावी, विचारायचीही गरज नव्हती. त्या संध्याकाळी तिनं चावी खुंटीवरून काढली आणि कमरेला खोचली. गल्लीत चर्चेला उधाण आलं. कुणी दवाखान्याचं कारण सांगून चावी मागितली, कुणी सोयऱ्यांचं. गोकुळच्या आईनं तर तोंडावरच सुनावलं,

"तुह्या नवऱ्यानं कवा कोणाले नाही म्हटलं नव्हतं माय."

"मंग त्याईलेच जाऊन विचारा," कोकिळा म्हणाली. चावी कमरेलाच राहिली.

गाडी कुणालाच मिळेना, आणि धूर रोज थोडा थोडा उतरत गेला. आता तिला राहवेना. तिनं बाजूचं झाकण काढून एअर फिल्टर ओढला तर तो ऑइलनं चिंब. हवा गाळायची जागा ती, तिथं ऑइल कसं येईल? वरून कुणी ओतलेलं नाही, म्हणजे खालून चढलं. चुलीवरचं दूध भांड्यापेक्षा जास्त झालं की उतू जाणारच.

तिनं ऑइल मोजायची काडी काढून पाहिली. काडीला ऑइल जेमतेम टेकलेलं. उतू जायला मुळात आहे कुठे? तिचं डोकंच चालेना. गाडी साईड स्टँडवर, नेहमीसारखी डावीकडे कललेली, आणि काडीचं भोक उजवीकडे. आणि मग तिला निवृत्तीचा त्रासलेला आवाज ऐकू आल्यासारखा झाला. पहिले गाडी सरळ, मंग काडी. तो दर वेळी गाडी मेन स्टँडवर चढवायचा. तेवढा जोर लावायचा कंटाळा साऱ्या गल्लीला होता, तिलाही होता. तिनं दात-ओठ खात गाडी मेन स्टँडवर चढवली, जरा थांबून काडी पुन्हा बुडवली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर. ती मटकन खाली बसली आणि एकटीच हसत सुटली.

ऑइल काढायचं काम मात्र तिनं भरल्या अंगणात केलं. गोकुळला बोलावलं, त्याच्या आईला बोलावलं, भागवत तर होताच. इंजिनखाली परात ठेवून तिनं बोल्ट काढला. परातीतलं ऑइल ती रिकाम्या डब्यात ओतत गेली. गाडीच्या इंजिनात जेवढं मावायला हवं तेवढ्याच मापाचा डबा. तो काठोकाठ भरला तरी परात अजून भरतच होती. झुंबरबाई न सांगता आत गेल्या आणि एक जुना तांब्या घेऊन आल्या. तोही भरत आला.

"एवढं टाकलं कोणं?" कोकिळानं विचारलं.

गोकुळ डोकं खाजवू लागला. "मी तं टाकतच असतो, काकू. गाडी ऑइल खाते म्हणून साऱ्याईले मालूम. काडी पाह्यली की कमीच दिसे. तुमच्याकडची गाडी नेली, तशीच उपाशी कशी परत लावावी?"

यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्याचा बैल औताला नेला तर त्याला ढेप चारूनच परत बांधायचा, ही गावाची जुनी रीत. गोकुळनं टाकलं, वरच्या गल्लीतल्या उत्तमरावांनी टाकलं, ज्यानं नेली त्यानं कललेल्या गाडीची काडी पाहून टाकलं. जास्तीचं ऑइल जळायचं, धूर व्हायचा. धूर पाहून पुढचा आणखी टाकायचा. अति तिथं माती म्हणतात ती ही.

"आन भाऊजी, तुम्ही?"

भागवत परातीकडे वाकला.

"हर बाजाराले," तो म्हणाला. "दादाची गाडी हाय. तिले कमी पडू देऊ का मी?"

कोकिळाला भडभडून आलं. हाच माणूस गाडी मोडीत काढायला निघाला होता, आणि हाच गाडीला सगळ्यात जास्त भरवत होता. तिला त्याची माया आली आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. तिनं दोन्ही गिळलं, मापानं ऑइल भरलं, धुऊन वाळवलेला फिल्टर बसवला आणि किक मारली. आधी जरासा धूर आला, मग तो विरत गेला, आणि मग गाडी नुसती चालत राहिली. गोकुळनं टाळीच वाजवली.

"चला, धड निघाली," भागवत म्हणाला. त्याचाही चेहरा उजळला होता. "आता माह्या शिवमले कालेजात जायाले होईल. नाहीतरी मी नवी घेणारच होतो त्याले."

कोकिळानं गाडी बंद केली.

"भाऊजी, खराब होती तवा माही होती. धड झाली तं शिवमची काऊन?"

"तसं नाही, वहिनी. बाईमाणसानं किती दिवस..."

"ऐकलं होतं रे मी," झुंबरबाई म्हणाल्या. तांब्या अजून त्यांच्याच हातात होता.

भागवतनं परात उचलून बाजूला ठेवली.

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी तो दाराशी आला. सवयीनं हात खुंटीकडे गेला आणि रिकामा परत आला. कोकिळा बाहेरच होती, डोक्याला रुमाल बांधत.

"वहिनी, चिखलीले जा लागते," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारत होता, त्यामुळे शब्द शोधावे लागले. "चावी पाह्यजे होती."

"मी बी चिखलीलेच चालली. बियाणं आणायचं हाय. बसा मांगं."

भागवतनं रस्त्याकडे पाहिलं. नळावर गोकुळची आई हंडा भरत होती. पारावर चार टाळकी बसलेली, आणि गाडी त्यांच्या समोरूनच जाणार. बस मघाशीच निघून गेली होती.

"मी चालवतो ना. तुम्ही मांगं बसा."

"गाडी माही हाय, भाऊजी."

तिनं गाडी मेन स्टँडवरून उतरवली आणि किक मारली. धूर नाही. ती सीटवर जरा पुढे सरकून बसली, रस्त्याकडे पाहत राहिली. एकदाही मागे वळली नाही. नळावरची हंडा भरायची थांबून इकडेच बघत होती. पारावरच्या मानाही वळल्या होत्या.

बऱ्याच वेळानं मागची सीट दबली. कोकिळानं गिअर टाकला.