घोडेबाबाची पुडी

वैशाखरे गावच्या मारुतीपुढं दर गुरुवारी एवढी रांग लागायची, की माळशेजच्या एसटीला हॉर्न वाजवत वाट काढावी लागे. घोडेबाबा आधी पुडी हुंगायला द्यायचा. "वास कुणाचा? घोड्याचा. मग बळ कुणाचं?" घोड्याचं, म्हणून लोक ओरडायचे. झालं, एवढ्या अकलेवर माल खपायचा. आत म्हणे हिमालयातली अश्वगंधा, अकरा वर्षं मंतरलेली.

भातलावणीत कंबरडं मोडलेल्या सकुबाईनं पुडी धरली आणि चार दिवसांत ती पोरीसारखी बांधावरून पळायला लागली. दिवाळीपर्यंत गालही भरले. जन्मभर बसलेली गालफडं पाहिलेल्या गावानं ते गोल तोंड बघून बाबाला हात जोडले. हातपाय काटकुळे झाले होते, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष होतं ते तिच्या लेकीचं. अनिता गावच्या शाळेत शिकवायची आणि बुवाबाजीचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. एका सकाळी तिनं घरातल्या सगळ्या पुड्या चुलीत घातल्या.

"नको गो बाय, त्याच्याबिगर मना उठवत नाय," सकुबाई काकुळतीला आली. अनितानं ऐकलं नाही. आईला सोडवलं, असंच तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकुबाई ओकायला लागली, चौथ्या दिवशी शुद्ध गेली. जीपमध्ये घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत बाबाचा कोप झाल्याचं गावभर झालंही.

डॉक्टरांनी ते गोल तोंड बघून पहिल्यांदा औषधाचंच विचारलं. सोबत आलेल्या शेजारच्या काशीच्या पदराला तिची स्वतःची पुडी होती. कागदावर पसरली तर तपकिरी भुकटीत पांढरी कणी.

"अश्वगंधा सोडली म्हणून माणूस असं कोसळत नाही, बाई," ते म्हणाले. "यात स्टेरॉईडच्या गोळ्या कुटल्यात. त्यानं थकवा पळतो, तोंड सुजतं. शरीर हे द्रव्य स्वतः बनवतं, पण रोज बाहेरून मिळालं की बनवायचं थांबतं. मग एकदम तोडलं की जिवावर बेततं."

पुढं प्रयोगशाळेनंही तेच लिहून दिलं. पण इंजेक्शनं देऊनही सकुबाई दवाखान्यात नेल्या रात्रीच गेली होती. अनिता ढसाढसा रडली.

पुढच्या गुरुवारी रांग आणखी लांब होती. अनिता आली तशी बाबानं बोट दाखवून सांगितलं, हिनं पुडी जाळली आणि आई घालवली.

"खरं हाय," अनिता रांगेपुढं उभी राहून म्हणाली. "मी एकदम तोडली, म्हणून आई गेली. पण अश्वगंधेची मुळी सोडून कोण मरत नाय. मारलं ते तिच्यात लपवलेल्या गोळीनं. तुमी जाळू नका, फेकू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडं चला, ते सांगतील तशी कमी करा. माझा राग आधी चालला, डोकं मागून. तुमी डोकं आधी चालवा."

रांग काही मोडली नाही. पण काशीनं आपल्या गालावरून हात फिरवला आणि ती बाहेर आली. त्या दुपारी मुरबाडच्या जीपमध्ये सात गोल तोंडं बसली.