उठवणारी खुर्ची

आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून हसत सांगता येतं. पण त्या दिवशी वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे ती स्वतःच कबूल करते. वहिनी म्हणजे सुतारांच्या घरातली थोरली सून. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणते, आणि कारखान्यालाही 'वहिनीचा कारखाना'च म्हणते, नवरा दिवसभर तिथेच घाम गाळत असला तरी. बिचाऱ्यानं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. तो तसा कशावरच काढत नाही.

खुर्ची तिनं केली ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. बसल्या की म्हातारीला उठता यायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून उभं करायचं आणि तिनं दोघांना शिव्या घालायच्या, असा रोजचा कार्यक्रम. वहिनीनं काय केलं, बैठकीखाली स्प्रिंगा बसवल्या. माणूस बसला की बैठक खाली जाऊन खटक्यात अडकायची. उठायचं झालं की हाताशी असलेली दांडी ओढायची, बैठक मागून हळूच वर यायची आणि माणूस आपोआप उभा. सासूबाई पहिल्यांदा अशा उभ्या राहिल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं बाई! आता तुम्हाला शिव्या कधी घालू मी?"

ती खुर्ची घेऊन वहिनी फाउंडेशनकडे गेली. हे फाउंडेशन त्या भागातल्या उद्योगवाल्यांनीच वर्गणी काढून उभं केलेलं. कौलवाले, ट्रकवाले, छापखानेवाले आणि सगळ्यांच्या वर बिस्किटांचा कारखाना चालवणाऱ्या बाई. मोठ्या दवाखान्याला खुर्च्या हव्या होत्या आणि त्या लांबच्या एका कंपनीकडून यायच्या होत्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" बिस्किटवाल्या बाई टेबलावर हात आपटायच्या. "गल्ली भरून सुतार आहेत इथं, आणि बसायचं मात्र परक्याच्या खुर्चीवर?" ज्याला काही नवीन सुचतंय त्याला जागा द्यायची, एकट्याला न पेलणारी यंत्रं सगळ्यांना मिळून वापरू द्यायची, आणि माल असा निघाला पाहिजे की बाहेरच्यांनी तोंडात बोटं घालावीत, हा त्यांचा सगळा खटाटोप. दवाखान्यानंही शब्द दिला होता, फाउंडेशननं पास केलेली खुर्ची असेल तर इथूनच घेऊ.

वहिनीचं सगळं त्या शब्दावर टांगलेलं होतं. कारखान्यात काम उरलं नव्हतं. त्याच लांबच्या कंपनीनं नवऱ्याला नोकरीला बोलावलं होतं. खुर्ची नापास झाली तर कारखान्याला कुलूप, नवरा तिकडे आणि ती सासूबाईंना घेऊन इकडे. नवरा काही बोलला नव्हता, पण त्यानं आपली हत्यारं पुसून पेटीत भरायला घेतली होती.

आणि पास करायची रीत तरी केवढी विचित्र! माल पारखायचा तो त्याच धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यानं. बिस्किटवाल्या बाईंचं म्हणणं असं, की आपल्या माणसाला विचारलं तर आपला तो बाब्याच. खोट काढावी ती स्पर्धकानं. पण काढली खोट, तर दुरुस्तीलाही त्यानंच हात लावायचा. ते जमत नसेल तर तोंड उघडायचं नाही.

वहिनीच्या वाट्याला कोण यावं? भाऊजी! सख्खे धाकटे दीर, समोरच्याच कारखान्यातले. वाटणीच्या वेळी मोठ्या करवतीवरून वाजलं होतं आणि भाऊजी चारचौघांत म्हणाले होते, "वहिनींच्या हातच्या स्टुलावरसुद्धा माझा भरवसा नाही." तेव्हापासून बोलणं बंद. मध्ये फक्त रस्ता, पण ओलांडायचा कुणी?

"ते पाचर मारणार," वहिनी आदल्या दिवशी म्हणाली. "लिहून ठेवा."

"बघू," नवरा म्हणाला.

पारखीच्या दिवशी फाउंडेशनच्या दालनात गल्लीतले सगळे सुतार जमले. एकेक जण बसला, दांडी ओढून उठला, मान डोलावली. वहिनीला हळूहळू श्वास यायला लागला. शेवटी भाऊजी बसले. उठले. पुन्हा बसले. मग खुर्ची सोडून स्वतःच्या तळहाताकडेच बघत राहिले. तिसऱ्यांदा उठले ते सरळ बिस्किटवाल्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, जरा तुम्ही बसता का?"

"मी? मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच म्हणतो."

बाई अंगानं भक्कम. आल्या आणि बैठकीच्या कडेवर धपकन बसल्या. खटका काही लागला नाही. स्प्रिंग उसळली आणि बाई दोन्ही हातांवर जमिनीवर!

वहिनीच्या पायांखालची जमीन सरकली. "साधलात ना दावा?" ती ओरडलीच. "मारलीत ना पाचर?" इतक्या वर्षांनी दिराशी बोलली ती हे.

"पाचर नाही, वहिनी," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आपण बसतो कसे ते बघा." त्यांनी तळहात बैठकीवर टेकवला, दाबला आणि मग बसले. "डुगडुगतेय का ते हातानं बघितल्याशिवाय सुताराचं बूड टेकत नाही. बाबांनी तसंच शिकवलंय. आई तशीच बसते, दादा तसाच, तुम्हीही तशाच. हात दाबला की खटका बसतो. पण बाकीचं जग हात लावत नाही, धपकन बसतं."

जो तो आठवायला लागला, आणि ज्याला त्याला आपला हात आठवला. वहिनीनं बसायला बाक शोधला, आणि बसण्याआधी तिचाही हात बाकावर टेकलाच. मग मात्र तिला रडू आलं. इथे बाई पडल्या म्हणून बरं, दवाखान्यात गुडघे दुखणारी एखादी म्हातारी तोंडावर आपटली असती तर?

बाई तोवर उभ्या राहून साडी झटकत होत्या. "रडू नकोस गं. मी काय बिस्किट आहे, तुकडे पडायला?" मग भाऊजींकडे वळल्या. "खोट काढलीत. पुढची रीत ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," भाऊजी म्हणाले. "ठाऊक होती म्हणूनच इतका वेळ विचार करत होतो."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी रस्ता ओलांडला. हातात घडीच्या पलंगाचा खटका होता, तो त्यांच्या कारखान्याची खासियत. बैठकीच्या पुढच्या कडेखाली तो बसवायचा ठरलं, आणि कसा बसवायचा यावरून दीर-भावजयीत काय जुंपली म्हणता! "इथे नको, तिथे." "तुम्हाला काय कळतंय?" "करवत नेलीत तेव्हा कळत होतं वाटतं?" सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "भांडा रे भांडा, घर कसं भरल्यासारखं वाटतंय." करून बघायला बसायची वेळ आली की भाऊजींचा हात सवयीनं पुढे जायचा आणि वहिनी पट्टी मारून टोकायची, "हात!" शेवटी बसून बघायला रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना बोलवावं लागलं. कारण सुतारांचे हात काही थांबेनात.

पुन्हा पारख झाली तेव्हा बाई मुद्दाम लांबून चालत आल्या आणि धपकन बसल्या. खटका टक्कन लागला. बाई दोनदा उसळून बघतात, तरी खुर्ची ढिम्म! "पास!" त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. दवाखान्याचा माणूस म्हणाला, खुर्च्या दोन्ही कारखान्यांनी मिळून कराव्यात. वहिनीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन पाहते तर नवरा पेटीतली हत्यारं काढून पुन्हा भिंतीला लावत होता.

"नाही जात आता," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

संध्याकाळी भाऊजी आईला भेटायला म्हणून आले. दमले होते. सासूबाईंच्या शेजारी दुसरी नवी खुर्ची होती, वहिनीनं एकटीनं सकाळी पुरी केलेली, अजून कुणी बसूनही न बघितलेली. भाऊजी बोलत बोलत आले आणि धपकन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

वहिनी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली. "भाऊजी, हात नाही लावलात?"

"तुम्ही केलीय ना?" भाऊजी म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला.