डॉ. प्रिचर्ड यांचा जबडा

सगळा घोळ खोबरेल तेलाचा.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या आमच्या मेंदूच्या लॅबच्या प्रमुख, डॉ. कॅमिल प्रिचर्ड, शिकत होत्या तेव्हा डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींच्या रेघा काढतात त्या तपासणीतून त्यांना परत पाठवलं होतं. केस फार दाट, फार कुरळे, वायरी टेकत नाहीत. काळ्या बायकांच्या डोक्यांपुढे मशीनने हात टेकले, तर दोष डोक्यांचा. बाईंनी वीस वर्षं खपून क्लिपा बनवल्या. डोक्यालगत घट्ट वेण्या घालायच्या, वेण्यांमधल्या भांगात क्लिपने वायर बसवायची, क्लिपला वेणीच धरून ठेवते. सोमवारी मुलांच्या हॉस्पिटलची समिती बघायला येणार होती. त्यांना पटलं तरच या क्लिपा फिट्स येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर जाणार.

जिच्या डोक्यावर दाखवायचं होतं, त्या मुलीला त्याच दिवशी सकाळी ताप भरला. मी म्हटलं, माझे केस दाट आहेत, मी बसते. बाईंनी माझ्या भांगाला बोट लावलं, हुंगलं आणि मागे सरकल्या. रविवारी सासूबाई माझ्या लेकीला, आन्याला, आणि मला ओळीने पुढ्यात बसवून तेल थापतात. मायेला प्रमाण नसतं; आन्या रात्री उशीला चिकटते. तसल्या डोक्यावर वायर काय टिकणार?

शेवटी बाई स्वतःच खुर्चीत बसल्या. त्यांच्या वेण्या कायमच घातलेल्या असतात. संजीवने, आमच्या नागपूरच्या पीएचडीवाल्याने, वायरी लावल्या. मी स्क्रीन सांभाळला.

समितीचे प्रमुख उंच, टकले आणि अत्यंत सभ्य. आल्या आल्या त्यांनी संजीवचा हात हातात घेतला, डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल फार ऐकलंय, म्हणाले. तो 'मी नाही' म्हणेपर्यंत खुर्चीकडे वळून त्यांनी वेळ दिल्याबद्दल बाईंचे आभारही मानले.

बाई शांत बसून होत्या. स्क्रीनवरच्या रेघा मात्र काटेरी कुंपणासारख्या उभ्या राहिल्या.

"हे काय झालं?" प्रमुखांनी विचारलं.

संजीवने माझ्याकडे पाहिलं, मी संजीवकडे. खरं सांगावं तर पाहुण्यांचा अपमान. गप्प बसावं तर वायर सुटली म्हणतील आणि वीस वर्षं पाण्यात.

"वायर जागेवर आहे," मी म्हटलं. "दात आवळले की असं दिसतं."

"कोणी आवळले?"

"मी," खुर्चीतून उत्तर आलं. "कॅमिल प्रिचर्ड. क्लिपा माझ्या आहेत. उठता येत नाही, माफ करा."

गृहस्थ लाल झाले. मध्ये केस नसल्यामुळे लाली कुठवर गेली ते सगळ्यांनाच दिसलं. त्यांनी मनापासून माफी मागितली, आणि रेघा खाली बसल्या. मग मात्र त्यांनी काही सोडलं नाही. बाईंना मान झटकायला लावली, खोकायला लावलं. थांबलं की रेघा पुन्हा जागच्या जागी.

इतक्यात दुसऱ्या एका सदस्याने संजीवकडे झुकून हळूच काहीतरी विचारलं. कुंपण पुन्हा उभं राहिलं.

"प्रश्न खुर्चीला विचारा," प्रमुख स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "तिकडून उत्तरं फार स्पष्ट येतात."

परवानगी गुरुवारी आली. बाईंनी मला मिठी मारली आणि वर तेलाचा वार बदलायला सांगितलं.

रविवारी सासूबाईंनी तेलाची वाटी घेऊन हाक मारली आणि मी पुढ्यात जाऊन बसले, तेव्हा माझ्या डोक्याला वायर नव्हती ते बरंच.