उजळलेलं घड्याळ

शरच्चंद्र आपट्यांना दोनच व्यसनं, असं सदाशिव पेठेत म्हणत: चहा आणि जुनी सोन्याची घड्याळं. चहा तरी ते दुसऱ्याला पाजत. घड्याळं मात्र कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात.

"अहो, एकदा तरी घालून मिरवा," मंदाकिनीबाई म्हणत.

"घड्याळ म्हणजे काय पैठणी आहे?" हे ठरलेलं उत्तर.

नव्वदनंतर सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली आणि लोक आजोबांची सोन्याची घड्याळं खुशाल मोडीत घालू लागले. बँक सुटली की शरच्चंद्र सोनारांच्या दारात हजर. मुशीत जायच्या बेतात असलेलं एक पातळ स्विस घड्याळ त्यांनी तिथेच वाचवलं होतं. त्याच्या पाठीवर केसासारखी बारीक नक्षी होती आणि एका संस्थानिकानं आपल्या वैद्यांना ते दिल्याचा मजकूर. तसं दुसरं त्यांना कुठेच आढळलं नाही. ते एवढं मोलाचं का, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. सांगून कुणाला कळणार आहे, असं त्यांचं मत.

साठीशांतीच्या सकाळी मंदाकिनीबाईंनी तेच घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा किल्ली उचलली. पट्टा तुमच्या लेकानं, सलीलनं आणलाय, हिंजवडीच्या ऑफिसातून येताना. आणि आपल्या सोनाराकडून उजळून घेतलं. किती काळवंडलं होतं हो."

घरात कार्य निघालं की पाटल्या, मंगळसूत्र, सगळं उजळायला जायचंच. त्यात घड्याळही गेलं.

शरच्चंद्रांनी ते उलटं केलं. पाठ गुळगुळीत होती. नक्षी गेली होती, अक्षरं गेली होती. तिथे त्यांना स्वतःचं नाक दिसलं.

ते राग येण्याची वाट पाहत राहिले. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल होतो, तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

"छान झालंय," ते म्हणाले आणि दिवसभर घड्याळ घालून पाहुण्यांत बसले. सगळ्यांनी कौतुक केलं. मंदाकिनीबाई इतक्या खुशीत त्यांना कित्येक वर्षांत दिसल्या नव्हत्या.

पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाकीचीही देऊ का? सोनार म्हणाला, सगळी एकदमच आणा."

नको, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का नको, हे पहिल्या घड्याळापासून सांगावं लागलं असतं. शरच्चंद्रांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"दे," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.