टाकीचे झाकण

"आता ओढ," निशिकांतकाका म्हणाले.

मी दोरी ओढली. पाण्याच्या निळ्या पिंपात बुडवून फळीला टांगलेली बोटीची मोटर एकदा खोकली आणि सुरू झाली.

सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या किनाऱ्यावरच्या बोट क्लबची ती मागची शेड. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. बोट विकली गेली होती, आता मोटरही जाणार होती. आईची अट एकच होती: ती त्या दिवशी का बंद पडली, ते आधी कळले पाहिजे. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला तेव्हा तिने नुसती मान हलवली होती, पुढे काही विचारले नव्हते. पण उबिन बेटाच्या वाटेवर मोटर मध्येच थांबली होती, आणि कोळ्यांना बाबा सापडले तेव्हा दोरीची मूठ त्यांच्या हातातच होती. ते किती वेळ ओढत बसले असतील, हे आईच्या मनातून जात नव्हते.

म्हणून काका शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बुकित बातोकहून आले होते. शिपयार्डात ते आणि बाबा एकाच टेबलाशी डबा खात. बाबांनी ही सत्तरच्या दशकातली मोटर उबिनच्या एका मासेवाल्याकडून घेतली, तेव्हाही काकाच सोबत होते.

"पद्यानं लग्नानंतर केलेली ही एकच भानगड," काका म्हणाले. बाबांना ते पद्याच म्हणत.

"आणि नखरे माझ्यापेक्षा जास्त, भावोजी," स्टुलावर बसलेली आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती असे काही बोलली होती.

शेवटचे काही महिने मोटर नीट चालत नव्हती. थोडी चालली की दम टाकायची. बाबांनी प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा उघडून धुतला, पेट्रोलची नळी नवी आणली. रविवारी जेवताना एखादे नवे कारण सांगत, आणि पुढच्या रविवारी ते खोटे ठरे.

काकांनी आधी क्लबची टाकी जोडली होती. त्या टाकीवर मोटर एका लयीत चालत राहिली. आई थोडा वेळ ऐकत बसली, मग कॅन्टीनमधून कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणायला गेली. काकांनी मोटर बंद केली आणि बाबांची लाल टाकी जोडली. कोळ्यांनी आणून ठेवल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

मोटर सुरू झाली. काही मिनिटांनी आवाज बसू लागला. पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला होता. काकांनी तो पाहिला आणि टाकीच्या झाकणावरच्या छोट्या स्क्रूवर बोट ठेवले. स्क्रू गच्च बसला होता. त्यांनी तो सैल केला. टाकीने लांब श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, फुगा फुलला, मोटर सावरली.

इतकेच होते. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरावी लागते. स्क्रू बंद असला की मोटर पेट्रोल ओढत राहते आणि टाकी ते सोडत नाही.

स्क्रू कोणी आवळला असेल, ते आम्हा दोघांनाही माहीत होते. टाकी दर रविवारी ट्रॉलीवरून घरी येई, वॉशिंग मशीनशेजारी बसे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावण्याआधी आई पेट्रोलचा वास नको म्हणून तो स्क्रू आवळून ठेवी. पुढच्या रविवारी बाबा जेट्टीवर तो सैल करत. वर्षानुवर्षे हे चालले होते आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणीही कधी बोलले नव्हते.

"घरात तो बंदच ठेवायचा असतो," काका हलक्या आवाजात म्हणाले. "वहिनींचं काही चुकलं नाही. पद्या उघडायला विसरला." मग स्क्रूवर बोट फिरवत, "बरेच महिने विसरत होता म्हणायचा."

त्या वर्षी आई बाबांना सोडायला लिफ्टपर्यंत जाऊ लागली होती. चष्मा घेतला का, किल्ली घेतली का, फोन घेतला का. तिला ठाऊक असलेले सगळे ती विचारत असे. त्यात स्क्रू कधीच नव्हता.

"तिला सांगायचं नाही," मी म्हणाले.

आई तीन कोपी घेऊन आली. मोटरचा आवाज ऐकून दारातच थांबली.

"काय होतं, भावोजी?"

"कार्बुरेटरमध्ये कचरा. इतका बारीक, की कुणालाच दिसला नसता."

आईने त्यांच्या हाताकडे पाहिले. हात स्वच्छ होते. मग तिची नजर लाल टाकीकडे गेली आणि झाकणावर जरा थांबली.

"बरं," ती म्हणाली आणि कोपी त्यांच्या हातात दिली. "गार होईल."

मोटर घेणारा पुढच्या आठवड्यात येणार होता. टाकी नेहमीसारखी घरी आली, वॉशिंग मशीनशेजारी बसली. दिवेलागणीला आई तिथे आली आणि सवयीने वाकली. तिची बोटे स्क्रूपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. मग तिने पदराला हात पुसले आणि आत जाऊन दिवा लावला.

वास स्वयंपाकघरात आला, तिथून बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीपर्यंत.

"आई, वास येतोय," मी म्हणाले.

"येऊ दे," ती म्हणाली.