औशाचा थुंकणारा एअरब्रश

मी एअरब्रश बोलतोय. औशाचा. हसू नका, रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र हाय मी. दिसायला जाड फौंटन पेनावाणी. डोक्यावर रंगाची वाटी, पोटात लांब सुई, शेपटीला हवेची नळी. लोक मला पिचकारी म्हणतात. म्हणू द्या. या लोकांनी कशाला नीट नाव ठिवलंय?

माझी जवानी नांदेडच्या एका फोटो स्टुडिओत गेली. काम एकच, फोटोतल्या नवरदेवाचं तोंड गोरं करायचं. एकाला इतकं गोरं केलं की त्याच्या सासूनं विचारलं, "ह्यो कोन?" मग रंगीत फोटो आले अन् मी भंगारात निघालो. तिथून मला गुरुपादप्पानं आणलं.

गुरुपादप्पा म्हंजे औशाचा पेंटर. पोटासाठी दुकानाच्या पाट्या रंगवायचा, पण जीव सगळा छोट्या नमुन्यांत. प्लायवूड अन् प्लास्टरची देवळं, बैलगाड्या, एष्ट्या. तो घडवायचा, मी रंगवायचो. हवा कुठली? दगडोबाच्या पंक्चरच्या दुकानातून ट्रकची ट्यूब फुगवून आणायची अन् माझ्या शेपटीला जोडायची. ट्यूब खांद्यावर घेऊन मालक बाजारातून चालला की दगडोबा वरडायचा, "पेंटर, पव्हायला चालले का? पाणी कुठं हाय पन?"

पाणी नव्हतंच. लातूर नवा जिल्हा होऊन वर्ष न्हाई झालं, अन् पावसानं तोंड फिरवलं. त्यातच जिल्ह्याचं प्रदर्शन निघालं. मालकानं औशाच्या किल्ल्याचा नमुना करायचा. पसंत पडला तर नव्या कचेरीत चित्रकाराची कायमची नोकरी. उन्हात शिडीवर उभं राहून मालकाचे गुडघे गेलेले. आता सगळं त्या किल्ल्यावर होतं.

अन् या शहाण्याची करामत ऐका. टँकरचं गोडं पाणी त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, रांजणात झाकून ठिवलेलं. "फकस्त प्यायला. रंगाला थेंब देनार न्हाई," असं साफ सांगितलेलं. मग मालक हापशाचं खारट पाणी रंगात घालायचा, त्यानंच मला धुवायचा. माझ्या घशात पांढरा खार बसला. तटावर फवारा सोडायला जावं, तर पडायचे ठिपके. बुरुजाला देवी आल्यावाणी!

"थुंकून राहिलंय बघ," मालक म्हनला. "म्हातारं झालं हे."

वा रे वा! खारं पाजनार तू, अन् म्हातारा मी?

मुंबईहून नवा एअरब्रश आला. भारीतला. मखमलीच्या डबीत, नवरीवाणी. मालकानं त्याला तीन बोटं विभूती लावली, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. माझ्या कपाळाला आठ वर्षांत एक बोट लागलं न्हाई. मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

नव्याची ऐट लई. पण घसा माझ्याहून बारीक, अन् पाणी तेच हापशाचं. आठवड्यात साहेब थुंकायला लागले! मालकानं चिडून त्याच्या तोंडात शिवायची सुई खुपसली. तोंडच फाटलं. प्रदर्शन दोन दिवसांवर. मालक भुईवर बसला, म्हनला, "गेली नोकरी."

पार्वतीबाईनं पाणी तापवायचं पातेलं त्याच्यापुढं आपटलं. "हे बघा बूड. हापशाच्या पाण्यानं असाच पांढरा थर बसतो. तुमच्या पिचकारीतबी तेच आसंल. चिंचेनं निघतंय."

"अगं, यंत्र हाय ते. पातेलं न्हाई."

"पितळंचंच हाय ना? अन् जुन्याला लावून बघा. बिघडलं तर कुनाचं काय जातंय?"

एवढी माझी इज्जत.

दुपारभर चिंचेच्या कोळात पडून राहिलो. बरं झालं मला दात न्हाईत. मग पार्वतीबाईनं रांजणातलं तांब्याभर गोडं पाणी काढलं अन् मालकापुढं ठिवलं. "माझ्या वाट्याचं हाय," एवढंच म्हनली. मालकानं त्यानंच मला धुतलं अन् उरलेल्यात रंग कालवला.

दुसऱ्या दिवशी मी किल्ला रंगवला. काळा दगड, त्याच्यावर वाळल्या गवताची पिवळी झाक. एक ठिपका पडू दिला न्हाई.

लातुरात किल्ला पसंत पडला, नोकरी लागली. अन् मालकानं काय करावं? नमुन्याशेजारी ती मखमलीची डबी उघडून मांडली, आत तोंड फाटलेले साहेब. वर चिठ्ठी: 'मुंबईच्या नव्या यंत्राने रंगविले.'

"तरीच म्हनलं एवढी सफाई कशी!" लोक म्हनले. मालक ट्यूबवाणी फुगला.

मागून पार्वतीबाई म्हनली, "व्हय, व्हय. चिंचबी मुंबईचीच होती."

मालकाची हवा सुस्स करून निघाली. पण चिठ्ठी काय त्यानं काढली न्हाई.

आता साहेबाला नवीन तोंड बसवलंय, धुवायला गोडं पाणी हाय. मी अजून खिळ्यांच्या डब्यातच. रडत न्हाई मी, गंजलेल्या खिळ्यांना नवरदेवाच्या गोष्टी सांगून हसवून राहिलो. तुम्हाला एकच सांगणं हाय. तुमच्या घरातलं कुणी जुनं थुंकायला लागलं, तर नव्यासाठी नारळ फोडायच्या आधी जरा बघा, त्याला तुम्ही काय पाजलंय ते.

न्हाई बघणार तुम्ही. ठाऊक हाय मला.