धोंडीरामचा तळहात

"ह्येचा वास घे जरा," म्हणत चन्नप्पाने गाडीची बॅटरी भरणारा अल्टरनेटर, जळून गेलेला, धोंडीरामसमोर ठेवला.

सात रस्त्याच्या त्या गल्लीत गाड्यांचे वायरिंग धोंडीरामने करायचे आणि जळालेली कॉइल शेजारच्या चन्नप्पाने पुन्हा गुंडाळायची, अशी दोघांची चाळीस वर्षांची वाटणी होती.

"कशानं जळला?"

"लिथियम बॅटरी. कुण्या शहाण्यानं सरळ वायर जोडली. साधी बॅटरी पोट भरत आलं की हळू खाती. ही शेवटपर्यंत तेवढंच वढती. त्यात गाडी उभी, इंजिन हळू, मग वारा बी न्हाय. शिजून निघाला की."

असाच शहाणपणा धोंडीरामने सकाळी केला होता.

यज्ञेश्वर गुरुजींच्या पत्नी रुक्मिणीबाईंना सतत ऑक्सिजनचे यंत्र लागे. पुण्याला लेकीकडे नेता यावे म्हणून गुरुजींनी जुन्या व्हॅनमध्ये पलंग टाकला आणि यंत्रासाठी लिथियम बॅटरी बसवली. गाडी चालताना ती भरावी, एवढेच धोंडीरामचे काम. गुरुजींनी त्यासाठी चार्जरचा डबाही आणला होता. तो तीस अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, हे कळल्यावर धोंडीराम हसला होता. "अल्टरनेटर नव्वदचा हाय गुरुजी. बॅटरीला उपाशी कशाला ठेवता? जाड वायर टाकतो, डबा दुकानात परत करू."

मग इंजिन चालू करून त्याने डावा तळहात अल्टरनेटरवर टेकवला आणि दहा आकडे मोजले. चटका बसला नाही की काम पास. या परीक्षेवर अख्ख्या गल्लीचा विश्वास, आणि त्याचा स्वतःचा तर जरा जास्तच. निघताना वर सल्लाही दिला होता, "मोहोळला जेवायला थांबलात तरी इंजिन चालूच ठेवा. तेवढीच भरंल."

त्याने चार वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. परत करायचा राहिलेला डबा आणि पाने-पक्कड पिशवीत कोंबून तो स्कूटरवर बसला.

मोहोळपर्यंतचा रस्ता संपता संपेना. समोर कुठे धूर दिसला की त्याचा जीव खालीवर होई. जवळ गेल्यावर कुणी बांधावर पाचट पेटवलेले असे. गाडी पेटली तर गुरुजी उडी मारतील, पण नळी लावलेल्या बाई कशा उतरतील? हा प्रश्न त्याच्या डोक्यातून हलेना.

मोहोळच्या बसथांब्यापुढे चिंचेखाली व्हॅन उभी होती. इंजिन चालू होते. गुरुजी पायरीवर बसून दहीभात खात होते.

"इंजिन बंद करा."

"अहो मिस्त्री, तुम्हीच तर…"

धोंडीरामने स्वतःच आत वाकून किल्ली फिरवली. बॉनेट उघडताच कॉइलवरच्या वार्निशचा करपट वास नाकात गेला. सवयीने डावा हात पुढे गेला आणि दुसरा आकडा मोजायच्या आत त्याने तो मागे ओढला. तळहातावर पांढरा फोड आला.

"चूक माजी हाय गुरुजी. डबा पायजेच होता. मला न्हाई कळलं."

ताट खाली ठेवून गुरुजी आधी यंत्राकडे बघून आले. बॅटरी निम्मी भरली होती, यंत्र सुरू होते. "ही झोपली होती म्हणून फोनचा आवाज बंद केला होता," ते एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर धोंडीरामला सोपे गेले असते.

अल्टरनेटर निवेपर्यंत तो उन्हात उभा राहिला, मग एका हाताने डबा बसवला. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीच्या मीटरवर अठ्ठावीस अँपिअर दिसले, तिसाच्या आत.

आतून रुक्मिणीबाईंनी विचारले, "झालं का मिस्त्री? मग सकाळसारखा हात लावून सांगा, म्हणजे माझी काळजी मिटेल."

धोंडीरामने फोडाचा हात पाठीमागे घेतला.

"हाताचं काय खरं न्हाई, बाई. मी मागनं येतो थोडं."

व्हॅन निघाली. वीस किलोमीटरवर गुरुजींनी गाडी थांबवून, आता परत जा, असे सांगितले. धोंडीरामने मीटर पाहिला, अल्टरनेटरजवळ नाक नेऊन वास घेतला.

"टोलनाक्यापर्यंत येतो," तो म्हणाला आणि डाव्या हाताला रुमाल गुंडाळून पुन्हा स्कूटरवर बसला.